धर्मवादाच्या स्तंभांतील स्त्रिया : एक मागोवा (१८५५–१९१३)

मराठी वृत्तपत्र आणि मराठीतील छापील धर्मवाद ह्यांच्या जन्मकाळांत फारसे अंतर नाही. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ साली निघाले. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू झाले. मिशनऱ्यांच्या हल्ल्यांचा प्रतिकार करण्यासाठी मोरभट दांडेकरांनी १८४४ मध्ये 'उपदेशचंद्रिका' काढली. आणि ह्या दोहोंच्या दरम्यान, १८४३ मध्ये, मिशनऱ्यांच्या घरी राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री ह्या ब्राह्मण मुलाला शुद्ध करून परत जातीत घ्यावे, ह्या मतासाठी खुद्द बाळशास्त्र्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. त्या पिढीच्या वादांचे कागद चाळू लागले म्हणजे एक गोष्ट प्रथमदर्शनीच ध्यानात येते, ती ही की, ज्या आचारांवरून दोन्ही पक्षांत खडाजंगी चाले, म्हणजे बालविवाह, विधवेचे केशवपन, पुनर्विवाहाचा निषेध, विटाळ आणि सोवळे, ते बहुतेक सारे आचार स्त्रीच्या देहावर पाळले जाणारे होते. मिशनरी त्यांकडे बोट दाखवून हिंदुधर्माची निर्भर्त्सना करीत, सनातनी पंडित त्यांच्या समर्थनार्थ स्मृतिवचने काढीत, सुधारक त्याच स्मृतींतून अनुकूल वचने शोधीत. परंतु जिच्यावरून हे सारे रण माजले होते तिची जबानी घ्यावी, असे कोणाच्या मनात फारसे येत नसे. कोर्टातील भाषेत सांगायचे तर ह्या कज्ज्यात ती मुद्देमाल होती, साक्षीदार नव्हती.

ती साक्षीदार केव्हा झाली, आणि पुढे प्रत्यक्ष संपादकाच्या खुर्चीवर कशी बसली, हा अर्धशतकाहून थोडा मोठा असा काळ आहे. त्याचा इतिहास सांगताना आपण सहसा पुरुष सुधारकांची नावे आधी घेतो आणि स्त्रियांना त्यांच्या पाठीमागे उभे करतो. मला तो क्रम उलटा लावून पाहावासा वाटतो. कारण स्त्रीने ज्या ज्या वेळी ह्या वादात लेखणी घातली त्या त्या वेळी वादाचा प्रश्नच बदलला, आणि तो बदल पुरुषांच्या लेखणीतून सहसा झाला नव्हता.

पहिले नाव मुक्ता साळवे हिचे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मांग जातीतील ही चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध 'ज्ञानोदया'च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन भागांत छापला गेला. त्या काळी 'ज्ञानोदया'त हिंदुधर्मावर टीका करणाऱ्या मजकुराला तोटा नव्हता. वेदांतील विसंगती, पुराणांतील देवांची चरित्रे, मूर्तिपूजेची निष्फलता हे विषय मिशनरी पंडित मोठ्या हिरिरीने चालवीत. मुक्तेने ह्यांतले काहीच केले नाही. वेद खरे की बायबल खरे हा प्रश्न तिने आपल्या अंगणात येऊच दिला नाही. तिचे म्हणणे सरळ होते: वेद ही आमचीच मत्ता, ते आम्हीच पाहावे, असे ब्राह्मण म्हणतात, तर मग आम्हांला धर्मपुस्तक नाही हे उघड झाले, आणि धर्मपुस्तकच नाही तर आमचा धर्म तरी कोणता, हे देवाने आम्हांला सांगावे. ज्या धर्माचा उपभोग एकानेच घ्यावा आणि इतरांनी त्याच्या तोंडाकडे पाहत राहावे, असा धर्म पृथ्वीवर न राहो, अशी तिची मागणी आहे.

ह्या निबंधातील सर्वांत जवळून पाहण्यासारखा भाग मात्र तत्त्वचर्चेचा नाही. बाजीरावाच्या अमदानीत तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर त्याचे मस्तक कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई, इमारतींच्या पायांत मांगांना तेल-शेंदूर पाजून पुरले जाई, हे तर ती लिहितेच. पण त्याहून निराळे असे जे ती लिहिते ते बाळंत होणाऱ्या मांग-महार स्त्रीविषयी आहे. जिच्या घरावर छप्पर नाही, ती थंडीपावसात वाऱ्यात बाळंत होते, तेव्हा तिला जे दुःख होते त्याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करून पाहा, असे ती वाचकाला सांगते. श्रुतिस्मृतींच्या वादाने भरलेल्या त्या काळच्या कागदांत बाळंतिणीच्या डोक्यावरील छपराचा प्रश्न धर्माचा प्रश्न म्हणून मांडणारी ही पहिली लेखणी आहे, असे मी निःशंकपणे म्हणतो.

मी हे नगर हवेलीतल्या गलोंड्यात बसून लिहितो आहे, म्हणून येथल्या मुलखाचा त्या पेशवाईशी असलेला संबंध सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. नगर हवेलीचा परगणा पोर्तुगीजांकडे गेला तो पुण्याच्या दरबाराच्याच कलमाने. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचे 'सांताना' नावाचे जहाज हस्तगत केले होते. त्याच्या नुकसानभरपाईपोटी १७७९ च्या तहान्वये बारा हजार रुपयांचा महसूल लावून देण्याचे ठरले आणि १७८३ मध्ये हा परगणा त्यांच्या ताब्यात गेला. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त होईपर्यंत येथे दमणच्या गव्हर्नराचा अंमल होता. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत स्त्रियांच्या धर्माधिकारावरून जे रकानेच्या रकाने भरत होते, त्यांच्या कक्षेबाहेरच हा मुलूख राहिला. परंतु ह्याच मुलखात, गलोंड्याच्या आणि आसपासच्या वारली पाड्यांत, लग्न लावते ती धवलेरी; म्हणजे स्त्री. ती धवले गाते, सवाष्णी भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक लिहितात, चौकात पालघाट देवी येते, आणि हे सारे झाल्याखेरीज लग्न लागले असे मानीत नाहीत. स्त्रीला मंत्राधिकार नाही, हा जणू सृष्टीचाच नियम आहे, अशा थाटात पुण्यातील शास्त्रीमंडळी लिहीत होती त्या दिवसांत त्यांच्यापासून पाच-सात मजलांवर स्त्री पुरोहिताचे काम करीत होती. 'आमचा धर्म', 'आर्यधर्म' असे शब्द त्या वादांत ज्या सर्वव्यापी अर्थाने योजले गेले, त्यांची व्याप्ती मुळात किती थोड्या घरांपुरती होती, हे येथून जितके स्वच्छ दिसते तितके सदाशिव पेठेतून दिसत नसावे.

मुक्तेच्या निबंधानंतर पाव शतकाने जो प्रसंग उद्भवला तो आमच्या उत्तरेकडचा. गलोंड्याहून वापीला जाऊन वरची गाडी धरली की दीड-दोन तासांत सुरत येते. त्या सुरत जिल्ह्यातील ओलपाडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर १८८१ मध्ये स्वतःच्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा खटला होऊन तिला सेशन्स कोर्टाने फाशीची शिक्षा फर्मावली. अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणि पुढे सरकारच्या हुकमाने पाच वर्षांवर आली. ह्या खटल्यावरून इलाख्यातील वर्तमानपत्रांत जे वादळ उठले त्यात 'पुणेवैभव' ह्या सनातनी वळणाच्या पत्राने विधवांच्या आणि एकंदर स्त्रीजातीच्या चारित्र्यावर यथेच्छ आघात केले. विधवेने पुनर्विवाह करू नये हा धर्म. तिच्या हातून प्रमाद घडला तर तो तिचा स्वभाव. आणि तिला ज्याने त्या मार्गाला लावले त्याचे नाव घेण्याची कोणाला गरज नाही. असा हा युक्तिवाद होता.

त्याला उत्तर आले ते वऱ्हाडातून. बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क असलेले, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातील बापूजी हरी शिंदे ह्यांची कन्या ताराबाई हिने 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध लिहिला. तो १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापला गेला, प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. ताराबाई ही पत्रकार नव्हे, कोणत्याही पत्राच्या संपादकवर्गात तिचे नाव नाही. पण तिचे पुस्तक वर्तमानपत्राच्या वादातून जन्मले, वर्तमानपत्राला उद्देशून लिहिले गेले, आणि त्याची वीणही वर्तमानपत्री खंडनमंडनाचीच आहे, म्हणून ह्या मागोव्यात तिला मानाचे पान दिले पाहिजे. घरात कोंडून राहिलेल्या मराठा स्त्रीची ही पहिलीच लेखनकृती, असे ती स्वतःच आरंभी सांगते. आणि लगेच पुढे तिची भाषा अशी उसळते की, प्रतिष्ठित गद्याच्या सर्व मर्यादा वाहून जाव्यात. तिच्या लेखनात स्वयंपाकघरातील शब्द आहेत, अंगणातील भांडणांतील शब्द आहेत, शिव्याशाप आहेत. तरी तर्काची दोरी कोठेही सुटत नाही.

तिचा मुद्दा धर्मशास्त्राच्या वर्मी लागणारा आहे. स्त्रीला नवरा हाच देव, असे शास्त्र सांगते ना? तर मग त्या नवऱ्याने देवासारखे वागावे की नाही? आणि पुराणांतील ज्या देवांचे दाखले द्यायचे त्या देवांची वागणूक तरी तपासून पाहावी की नाही? स्त्रीच्या अंगी म्हणून जे जे दुर्गुण ग्रंथकार सांगतात, साहस, कपट, मूर्खपणा, ते एकेक घेऊन ती पुरुषांच्या अंगी मोजून दाखवते. बायको मेली की दहाव्याच दिवशी दुसरी करणाऱ्याला कोणतेच शास्त्र आड येत नाही, मग नवरा मेला म्हणजे स्त्रीनेच काय असा अपराध केला की तिचे केस काढून तिला जगाच्या सर्व सुखांतून हद्दपार करावे, हा तिचा सवाल आजही वाचताना अंगावर येतो. ह्या पुस्तकाची वाहवा झाली नाही. सत्यशोधकांच्याच गोटातील काही मंडळींनी त्याची टवाळी केली, तेव्हा जोतीरावांना १८८५ मध्ये आपल्या 'सत्सारा'च्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घ्यावी लागली. ताराबाईने त्यानंतर काही प्रसिद्ध केल्याचे आढळत नाही. पुढे सुमारे नव्वद वर्षे ते पुस्तक जणू नव्हतेच, स. गं. मालशे ह्यांनी ते उजेडात आणून १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मराठी वाचकाला कळले की आपल्या भाषेत अशी एक बाई होऊन गेली.

ज्या वर्षी ताराबाईचे पुस्तक छापले गेले त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आणि मराठी पत्रांना पुढची दहा वर्षे पुरेल एवढा विषय मिळाला. कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरविलेली, संस्कृतात वाद करणारी, बंगाली कायस्थाशी लग्न करून वर्ष-दोन वर्षांतच विधवा झालेली ही चोवीस वर्षांची ब्राह्मणकन्या. पुण्यात तिने आर्य महिला समाज स्थापन केला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, आणि १८८३ मध्ये ती इंग्लंडला गेली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे तिने मुलीसह बाप्तिस्मा घेतल्याची बातमी येताच काल ज्यांनी तिच्या पांडित्याचे पोवाडे गाइले होते त्यांना आज तिच्यात कृतघ्नता दिसू लागली. जोतीराव फुले हे तेव्हाही निराळे ठरले. हिंदुधर्मशास्त्रांचा एवढा अभ्यास केलेल्या विदुषीला तो धर्म का सोडावासा वाटला ह्याचा विचार करा, असा त्यांच्या 'सत्सारा'तील विवेचनाचा रोख होता.

येथे रशियातील एक प्रकरण आठवते. सोफिया स्वेचिना ही रशियन सरदार घराण्यातील बाई १८१५ मध्ये ऑर्थोडॉक्स पंथ सोडून कॅथलिक झाली आणि पुढे पॅरिसमध्ये राहिली. तिच्या मृत्यूनंतर तिचे चरित्र आणि लेखन प्रसिद्ध झाले तेव्हा, १८६० मध्ये, मॉस्कोच्या 'रूस्की वेस्तनिक' ह्या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला तो येवगेनिया तूर ह्या टोपणनावाने लिहिणाऱ्या येलिझावेता सालियास ह्या लेखिकेने. त्या लेखावरून नियतकालिकाच्या संपादकांशीच तिचा वाद जुंपला; तेव्हा ती त्यातून बाहेर पडली आणि १८६१ मध्ये तिने 'रूस्काया रेच' हे स्वतःचे पत्र काढले. म्हणजे एका स्त्रीच्या धर्मांतराची चिकित्सा दुसऱ्या स्त्रीने केली, आणि मतभेद होताच तिला स्वतःचे व्यासपीठ उभारता आले. ते पत्र वर्षभरच टिकले, हे खरे. परंतु आमच्याकडे रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा झाली त्या वेळी मराठीत अशी एकही स्त्रीसंपादक नव्हती की जिने त्या प्रकरणाचा निवाडा आपल्या पत्रात मांडावा. रमाबाईंना स्वतःची कैफियत द्यायची ती खाजगी पत्रांतून आणि परदेशी वाचकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकांतून द्यावी लागली. मराठी वाचकाने त्यांचे नाव वाचले ते बहुशः दुसऱ्यांच्या मजकुरात.

ह्याचे परिणाम शारदासदनाच्या वादात दिसले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेली आणि पुढल्या वर्षी पुण्यास आलेली ही विधवांची शाळा अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनच्या पैशावर चालत होती, आणि तेथे धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल, असा करार होता. मुलींनी आपापले सोवळे पाळावे, तुळशीला पाणी घालावे, हवा तो धर्मग्रंथ वाचावा. कोणी आड येणार नाही. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, त्या आपल्या खोलीत प्रार्थना करीत. पण प्रार्थना करताना त्यांनी खोलीचे दार लावून घेतले नाही. त्या उघड्या दाराशी काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने हे प्रकरण लावून धरले; परदेशी ख्रिस्ती पत्रांतील मजकुराचे दाखले दिले गेले; आणि १८९३ च्या ऑगस्टात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर ह्यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी पंचवीसच्या आसपास मुली काढून नेल्या.

एवढ्या मोठ्या वादाच्या मुळाशी एक उघडे दार होते. ते लावून घ्यावे, असे सल्लागारांचे म्हणणे; ते लावणे म्हणजे आपल्या श्रद्धेची लाज वाटल्यासारखे होईल, असे रमाबाईंचे म्हणणे. शाळेला दिलेल्या वचनाच्या दृष्टीने सल्लागारांची शंका अगदीच निराधार नव्हती, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. लहान मुलींच्या मनावर गुरूच्या नुसत्या आचरणाचाही ठसा उमटतो. परंतु ह्या सर्व काळात त्या मुलींपैकी एकीलाही 'तू त्या दाराशी का बसलीस', असे विचारून तिचे उत्तर एखाद्या मराठी पत्राने छापले असते तर वादाचे स्वरूप काही निराळे झाले असते. ज्या सदनातून मुलींची सुटका करण्याची भाषा चालली होती, त्याच सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने १८९३ मध्येच धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि ती ख्रिस्ती झाली नाही, हिंदूच राहिली. वर्तमानपत्रांतील भाकितांची आणि माणसांच्या आयुष्यांची अशी गाठ क्वचितच पडते.

रखमाबाईंचा खटला त्याआधीच्या दशकातला. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या ह्या मुंबईच्या तरुणीने पतीकडे नांदायला जाण्याचे नाकारले. १८८५ च्या जून आणि सप्टेंबर महिन्यांत 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' ह्या सहीने तिची बालविवाहावर आणि सक्तीच्या वैधव्यावर दोन पत्रे आली. न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी तिच्या बाजूने दिलेला निकाल पुढे फिरला आणि १८८७ च्या मार्चमध्ये पतीकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तिने तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, ती इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाली. ह्या प्रकरणाचा तपशील सर्वश्रुत आहे म्हणून लांबवीत नाही. फक्त एवढे सांगतो की तिची पत्रे छापून आल्यावर विरोधकांनी जो पहिला प्रश्न केला तो तिच्या युक्तिवादाविषयी नव्हता, तर तिच्या पाठीमागे कोण आहे हा होता. तिच्या आजोबांनी तिला फितवले, असे तिच्या पतीने जाहीर केले. इंग्रजी शिक्षणाने बिघडविले, असे इतरांनी ठरविले. ताराबाईची टवाळी झाली, रमाबाईंच्या मागे मिशनरी दिसले, रखमाबाईंच्या मागे आजोबा दिसले. स्त्रीने लिहिलेल्या मजकुराचा कर्ता ती स्वतः असू शकते, ही साधी गोष्ट मान्य व्हायला आपल्या वृत्तपत्रसृष्टीला फार काळ लागला.

तथापि ह्याच सुमारास, १८८६ मध्ये, माणकबाई लाड ह्यांनी 'आर्यभगिनी' हे स्त्रियांचे मासिक सुरू केले, आणि स्त्रीने स्त्रियांसाठी पत्र चालवावे ही गोष्ट मराठीत प्रत्यक्ष घडली. आणि १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने सभा भरवून, विधवांचे केशवपन ह्यापुढे आम्ही करणार नाही असा ठराव केला. शास्त्राज्ञा ज्याच्या वस्तऱ्याने अमलात यायची तोच बाजूला झाला. शेकडो निबंधमाला लिहून न झालेले काम ह्या एका ठरावाने चव्हाट्यावर आणले. लोखंडे हे 'दीनबंधु'चे संपादक होते, आणि 'दीनबंधु'पाशीच हा मागोवा आता येऊन पोहोचतो.

परंतु तत्पूर्वी एका पत्राचा उल्लेख केला पाहिजे. १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे ह्यांनी पुण्यास 'सोमवंशीय मित्र' हे पत्र सुरू केले. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहून त्यांना मुरळी करण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी त्यात लिहिले, तेव्हा १९०९ मध्ये शिवूबाई लक्ष्मण जाधव ह्या मुरळीने त्यांना पत्र पाठविले, आणि कांबळ्यांनी ते छापले. आईबापांनी देवाला सोडलेल्या आपल्यासारख्या मुलींची स्थिती तिने त्यात सांगितली, आणि आपल्याशी कोणी लग्न करायला तयार होईल काय, असे उघड विचारले. कांबळ्यांच्या सहकाऱ्यांपैकी गणपतराव गायकवाड पुढे आले आणि त्यांनी तिच्याशी लग्न केले. पत्राला मिळालेले असे उत्तर मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात फार थोड्या ठिकाणी सापडेल. देवाशी लग्न झालेल्या स्त्रीने माणसाशी लग्न करण्याचा आपला हक्क छापील कागदावर मागितला. धर्मवाद म्हणून ज्याला म्हणतात तो ह्याहून मूलगामी असू शकत नाही, जरी तिने एकाही ग्रंथाचा आधार घेतला नव्हता.

आता तानूबाई बिर्जे. पुण्याच्या सत्यशोधक देवराव ठोसर ह्यांची ही कन्या १८७६ मध्ये जन्मली, फुल्यांच्या शाळेत शिकली, आणि १८९३ मध्ये वासुदेवराव लिंगोजी बिर्जे ह्यांच्याशी तिचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. ह्या पद्धतीत भटजी नसतो, आणि जोतीरावांनी १८८७ मध्ये रचलेल्या विधीत वधू वराला भर मांडवात सांगते की आम्हां स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तो तू मिळवून देशील अशी शपथ घे. आणि वर ती घेतो. मंगलाष्टकांतून हक्काची मागणी करणारा हा विधी ज्या काळी रचला गेला त्या काळी कोर्टात रखमाबाईंच्या विरुद्ध हुकूम होत होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वासुदेवराव बडोदे संस्थानात ग्रंथपाल होते. लोखंड्यांच्या १८९७ मधील मृत्यूनंतर 'दीनबंधु'ची धुरा पुढे त्यांच्याकडे आली. हा वेदोक्त प्रकरणाचा काळ. कोल्हापुरास शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र सांगितले जातात, ह्यावरून १८९९–१९०० मध्ये पेटलेला वाद राजोपाध्यांचे वतन जप्त होण्यापर्यंत गेला, आणि क्षत्रियत्व कोणाचे, वेदाधिकार कोणाचा, ह्यावर पत्रापत्रांतून तुंबळ युद्ध झाले. वासुदेवरावांनी १९०३ मध्ये 'क्षत्रिय व त्यांचे अस्तित्व' हा ग्रंथ लिहून त्यात भाग घेतला. १९०६ मध्ये ते वारले; तेव्हा तिशीतल्या तानूबाईंनी पत्र बंद केले नाही, दुसऱ्याच्या स्वाधीन केले नाही, त्या स्वतः संपादक झाल्या. १९१३ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ती सहा-सात वर्षे मराठीतील एक जुने, मानलेले, बहुजनसमाजाचे मुखपत्र एका विधवेच्या संपादकत्वाखाली चालले. १८८१ मध्ये ज्या विधवेचे तोंड पाहणे 'पुणेवैभवा'ला अमंगल वाटत होते, ती आता अग्रलेख लिहीत होती.

वेदोक्ताच्या वादाविषयी एक गोष्ट मला नेहमी बोचत आली आहे. मंत्र कोणते म्हणायचे, कोणाला म्हणायचा अधिकार, ह्यावर दोन्ही बाजूंनी एवढा खल झाला. पण क्षत्रियाला वेदोक्ताचा अधिकार सिद्ध झाला तरी त्याच्या घरातील स्त्रीला तो मिळतो की नाही, हा प्रश्न कोणीच फारसा केला नाही. ब्राह्मणाच्या घरात नव्हता, क्षत्रियाच्या घरातही असणार नव्हता. अशा वेळी ह्याच वादाचा एक अड्डा असलेल्या पत्राच्या संपादकपदी एक स्त्री बसली, ह्याचे महत्त्व तेव्हाच्या लोकांना पुरते उमगले असेल असे वाटत नाही. तानूबाईंची लेखणी राजकारण, शिक्षण आणि बहुजनसमाजाची दशा ह्यांवर चालली. त्यांना वेदांची परवानगी कोणाकडे मागायची नव्हती. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये देवाला विचारलेला प्रश्न, की आमचा धर्म कोणता, त्याला तानूबाईंपर्यंत येता येता असे उत्तर मिळाले होते की, जो धर्म आम्हांला विचारल्यावाचून आमच्यावर लादला जातो त्याविषयी निदान आमच्या हाती लेखणी असेल.

आपल्या वाङ्मयेतिहासांत 'केसरी' आणि 'सुधारक' ह्यांच्या वादावर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत, आणि ती असावीत. परंतु तानूबाई बिर्जे ह्यांच्यावर पुष्कळदा एखादे वाक्य असते, कित्येकदा तेही नसते. ताराबाईला नव्वद वर्षे वाट पाहावी लागली, ती तिचे पुस्तक चुकून कोठे तरी टिकले म्हणून संपली. पुस्तकाची पाचशे प्रतींची आवृत्ती असते. वर्तमानपत्राचा अंक दुसऱ्या दिवशी पुडी बांधायला जातो. म्हणून ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचे 'दीनबंधु', 'आर्यभगिनी', 'सोमवंशीय मित्र', 'ज्ञानोदय' ह्यांचे अंक, तुटके का असेनात, बांधून ठेवलेले असतील त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, ते रद्दीत घालू नयेत, वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाला द्यावेत, आणि ग्रंथालयांनी त्यांची चित्रे घेऊन ती सर्वांना वाचायला खुली करावीत, म्हणजे सिल्वाशाच्या एखाद्या विद्यार्थिनीलाही तानूबाईंचा अग्रलेख पाहायला मुंबई-पुण्याचा प्रवास करावा लागणार नाही.